पोकरमध्ये सुरुवातीची दोन पानं किती भारी? हाताची ताकद मोजायची पद्धत, सोप्या भाषेत

पत्ते खेळताना आपण पानं उचलतो, एक नजर टाकतो आणि लगेच मनात ठरवतो की पानं भारी आलीत किंवा पानं बोगस आहेत. हा निर्णय बहुतेक वेळा अंदाजाने होतो. एक्का दिसला की चेहरा खुलतो, दुर्री-तिर्री दिसली की पडतो. पण "भारी" म्हणजे नेमकं किती भारी, हे आकड्यात सांगता येतं. पोकर हा खेळ या बाबतीत सगळ्यात जास्त अभ्यासला गेलाय, त्यामुळे संभाव्यता, म्हणजे प्रोबॅबिलिटी, शिकायला हे उदाहरण झकास आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, राहायला लोणी काळभोरला. आमच्याकडे पत्ते निघतात ते दिवाळीत, नाहीतर गणपतीच्या जागरणाला, आणि खेळ असतो तीन पत्ती. गेल्या काही वर्षांत मात्र मोबाईलमुळे पोकर हा शब्द सगळ्यांना माहीत झाला. मित्रांमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "दोन पानं बघून खेळायचं की सोडायचं हे कसं ठरवतात?" त्याचं उत्तर या लेखात आहे. पैसे कसे जिंकायचे हे मात्र इथे नाही. उलट, आकडे नीट कळले की पैसे लावून खेळणं का अंगाशी येतं, तेही कळेल.

आधी ओळखीचा खेळ: तीन पत्ती

तीन पत्तीत हातात आलेली तीन पानं हाच पूर्ण हात. नंतर काही बदलत नाही. म्हणून त्याची ताकद मोजणं सोपं आहे. ५२ पानांतून ३ पानं निवडायचे एकूण २२,१०० प्रकार होतात. ते असे विभागले जातात:

- ट्रेल (तिन्ही सारखी): ५२, म्हणजे ०.२४ टक्के
- प्युअर सिक्वेन्स: ४८, म्हणजे ०.२२ टक्के
- सिक्वेन्स: ७२०, म्हणजे ३.२६ टक्के
- कलर: १,०९६, म्हणजे ४.९६ टक्के
- जोडी: ३,७४४, म्हणजे १६.९४ टक्के
- यातलं काहीच नाही, फक्त मोठं पान: १६,४४०, म्हणजे ७४.३९ टक्के

यात एक गंमत आहे. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी नियमानुसार ट्रेल वरचढ ठरते. म्हणजे पत्त्यांचे नियम आणि गणित दर वेळी हातात हात घालून चालत नाहीत.

आता कामाची गोष्ट. दर चार हातांपैकी जवळपास तीन हातांत जोडीसुद्धा नसते. मग "मधला" हात कोणता? सगळे २२,१०० हात कमजोर ते ताकदवान असे रांगेत लावले, तर बरोब्बर मध्यावर येतो राजा-दश्शी-दुर्री, वेगवेगळ्या कलरचा. त्याच्याखाली ११,०४० हात आहेत, म्हणजे ४९.९५ टक्के. समोर एकच खेळाडू असेल तर राजा-दश्शीला अर्ध्या वेळा यश मिळतं. आपण मात्र हा हात बघून तोंड वाकडं करतो.

समोर पाच जण असतील तर हिशोब बदलतो. सगळ्यात छोटी जोडी, म्हणजे दुर्रीची, एका खेळाडूला ७४ टक्के वेळा हरवते. पाच जणांना एकाच वेळी हरवायचं तर ०.७४४ हा आकडा पाच वेळा गुणायचा. उत्तर येतं साधारण २३ टक्के. (हा अंदाजे हिशोब आहे, कारण एकाकडे गेलेलं पान दुसऱ्याकडे जात नाही. पण फरक किरकोळ पडतो.) सहा जणांच्या डावात आपला हात सगळ्यात मोठा असण्याची शक्यता अर्ध्याच्या वर जायला राणीच्या जोडीच्या आसपासचं काहीतरी हातात लागतं.

इथे पहिला धडा मिळतो: हाताची ताकद फक्त पानांत नसते, समोर किती जण बसलेत त्यातही असते.

पोकरमध्ये वेगळं काय?

सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डेम. यात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलाच्या मध्यभागी सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं एक (रिव्हर). आपली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याचा सर्वोत्तम पाच पानांचा हात होतो, तो जिंकतो. प्रत्येक टप्प्यावर बोली लागते आणि कुठेही पानं टाकून बाहेर पडता येतं.

म्हणजे तीन पत्तीत हात हा "निकाल" असतो, तर पोकरमध्ये सुरुवातीची दोन पानं हे फक्त "बियाणं" असतं. पुढे पाऊस कसा पडतो त्यावर पीक ठरतं. बियाणं चांगलं असून पीक जाऊ शकतं. म्हणून इथे ताकद मोजायची ती सरासरीनं.

५२ पानांतून दोन पानं निवडायचे १,३२६ प्रकार आहेत. पण बदामचा एक्का-राजा आणि इस्पिकचा एक्का-राजा सुरुवातीला सारख्याच ताकदीचे. असे सारखे हात एकत्र केले की फक्त १६९ प्रकार उरतात:

- १३ जोड्या. प्रत्येक जोडी ६ प्रकारे येते.
- ७८ एकाच कलरचे हात (दोन्ही बदाम, दोन्ही किलवर वगैरे). प्रत्येक ४ प्रकारे येतो.
- ७८ वेगळ्या कलरचे हात. प्रत्येक १२ प्रकारे येतो.

यावरून लगेच काही आकडे निघतात. कुठलीही जोडी येण्याची शक्यता १७ मध्ये १. दोन एक्के येण्याची शक्यता २२१ मध्ये १. समजा तासाला २५ डाव होत असतील, तर दोन एक्के बघायला सरासरी नऊ तास बसावं लागेल.

१६९ हातांचा निकाल: काही नमुने

समोर एकच खेळाडू आहे, त्याची पानं कुठलीही असू शकतात आणि दोघंही शेवटपर्यंत थांबले, असं धरलं तर आपल्या वाट्याला सरासरी किती टक्के येतं? याला पोकरच्या भाषेत इक्विटी म्हणतात. बरोबरी झाली तर ती अर्धी अर्धी धरतात.

- दोन एक्के: ८५
- दोन राजे: ८२
- दोन राण्या: ८०
- दोन दश्श्या: ७५
- दोन अठ्ठ्या: ६९
- एक्का-राजा, एकाच कलरचे: ६७
- एक्का-राजा, वेगळ्या कलरचे: ६५
- गुलाम-दश्शी, एकाच कलरचे: ५७.५
- राणी-सत्ती, वेगळ्या कलरचे: ५१.८
- दोन दुर्र्या: ५०.३
- सत्ती-दुर्री, वेगळ्या कलरचे: ३४.६
- तिर्री-दुर्री, वेगळ्या कलरचे: ३२.३

ही यादी नीट बघितली की दोन गोष्टी लक्षात येतात. एक, सगळ्यात भारी हातसुद्धा ८५ वर थांबतो. दोन एक्के घेऊनही साधारण सात डावांत एकदा हार आहेच. दोन, सगळ्यात भिकार हातही ३२ टक्के घेऊन बसलाय. म्हणजे वरच्या आणि खालच्या टोकातलं अंतर आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमी आहे, आणि एका डावाच्या निकालावरून कोण चांगलं खेळलं हे अजिबात ठरत नाही.

एकाच कलरमुळे किती फायदा होतो तेही बघा: ६५ वरून ६७, फक्त दोन टक्के. "दोन्ही बदाम आहेत" म्हणून खूश होणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा: एकाच कलरची दोन पानं असताना फ्लॉपवरच फ्लश पूर्ण होण्याची शक्यता ०.८४ टक्के आहे, म्हणजे सुमारे ११९ वेळांत एकदा.

कॉम्प्युटर हे आकडे काढतो कसे?

दोन पद्धती आहेत. पहिली सरळ आहे: सगळ्या शक्यता मोजायच्या. आपली दोन पानं ठरली की समोरच्याची दोन पानं १,२२५ प्रकारे येऊ शकतात. त्यातल्या प्रत्येकासाठी मधली पाच पानं १७,१२,३०४ प्रकारे. गुणाकार होतो २०९ कोटी ७५ लाख ७२ हजार ४००. आजच्या लॅपटॉपला, प्रोग्राम नीट लिहिला असेल तर, हे जड नाही. पण समोर पाच-सहा खेळाडू आले की आकडा हाताबाहेर जातो.

म्हणून दुसरी पद्धत: मॉन्टे कार्लो. सगळं मोजत बसायचं नाही, नमुना घ्यायचा. भात शिजला का बघायला आपण सगळी शितं दाबत नाही, तसंच. प्रोग्राम असा चालतो:

१. आपली दोन पानं गड्डीतून बाजूला काढा.
२. उरलेली ५० पानं पिसा.
३. समोरच्यांना दोन-दोन पानं वाटा, मध्ये पाच ठेवा.
४. कोण जिंकलं ते नोंदवा.
५. हे एक लाख वेळा करा आणि विजयांना एकूण डावांनी भागा.

किती डाव पुरेत? १० हजार डाव खेळवले तर उत्तरात साधारण एक टक्का इकडे-तिकडे होतं. १० लाख खेळवले तर ०.१ टक्का. म्हणजे अचूकता दहापट हवी असेल तर काम शंभरपट करावं लागतं. पायथन येत असेल तर हा प्रोग्राम एका संध्याकाळी लिहून होतो, आणि कॉलेजच्या मुलांसाठी मिनी प्रोजेक्ट म्हणून मस्त आहे.

या पद्धतीचा जन्मही पत्त्यांतूनच झालाय. १९४६ साली गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम आजारातून बरे होत असताना एकट्यानं खेळायचा सॉलिटेअर खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता कागदावर काढणं किचकट, मग बरेच डाव खेळून मोजले तर, असा विचार त्यांच्या मनात आला. जॉन फॉन नॉयमन यांच्यासोबत तीच कल्पना लॉस अलामॉसमध्ये अणुसंशोधनातल्या गणितासाठी वापरली गेली. आज ती हवामानापासून शेअर बाजारापर्यंत सगळीकडे आहे.

कॉम्प्युटर नसेल तर: चेन फॉर्म्युला

टेबलावर बसून कुणी दोनशे कोटी शक्यता मोजत नाही. त्यासाठी बिल चेन या गणितज्ञानं बोटांवर मोजता येईल अशी गुणपद्धत दिली. चेन यांनी २००६ साली पोकरच्या जागतिक स्पर्धामालिकेत दोन स्पर्धा जिंकल्या आणि त्याच वर्षी जेरॉड ॲन्केनमन यांच्यासोबत पोकरच्या गणितावर पुस्तकही लिहिलं. पद्धत अशी:

- मोठ्या पानाचे गुण घ्या. एक्का १०, राजा ८, राणी ७, गुलाम ६. दश्शीपासून खाली पानावरच्या आकड्याच्या निम्मे (दश्शी ५, नव्वी ४.५, असं करत).
- जोडी असेल तर गुण दुप्पट. कुठल्याही जोडीला कमीत कमी ५ गुण.
- एकाच कलरची असतील तर २ मिळवा.
- मध्ये पानं सुटत असतील तर गुण कापा. एक सुटलं तर १, दोन सुटली तर २, तीन सुटली तर ४, चार किंवा जास्त सुटली तर ५. एक्का इथे कायम मोठाच धरायचा.
- दोन्ही पानं राणीपेक्षा लहान आणि सलग (किंवा एकच सुटलेलं) असतील तर १ मिळवा. जोडीला हे लागू नाही.
- अर्धा गुण उरला तर वरचा पूर्ण आकडा घ्या.

करून बघू. दोन एक्के: १० दुणे २०. एकाच कलरचे एक्का-राजा: १० अधिक २, म्हणजे १२. दोन दश्श्या: १०. एकाच कलरचे गुलाम-दश्शी: ६ अधिक २ अधिक १, म्हणजे ९. वेगळ्या कलरचे सत्ती-दुर्री: ३.५ वजा ५, म्हणजे उणे १.५, वरचा आकडा उणे १.

आता राणी-सत्ती घ्या. ७ वजा ५, फक्त २ गुण. पण वरच्या यादीत तर हा हात ५१.८ टक्के घेऊन दोन दुर्र्यांच्याही वर होता, आणि दुर्र्यांना चेन ५ गुण देतो. मग खरं कोण?

दोन्ही खरे आहेत, प्रश्न वेगळे आहेत. वरची यादी सांगते, एकच समोरचा, कुठलीही पानं, शेवटपर्यंत थांबायचं. प्रत्यक्षात समोर बरेच जण असतात आणि वाईट पानं असलेले आधीच निघून जातात. थांबतात ते भारी पानंवाले. त्यांच्यासमोर राणी-सत्ती कायम कचाट्यात सापडते: राणी लागली तरी कुणाकडे राणी-राजा, राणी-एक्का असतो. दुर्रीच्या जोडीचं काम सोपं आहे. फ्लॉपवर तिसरी दुर्री (किंवा त्याहून भारी काही) ११.८ टक्के वेळा, म्हणजे साधारण साडेआठ वेळांत एकदा लागते. लागली तर दडलेला मोठा हात तयार, नाही लागली तर निमूटपणे बाहेर. चेन फॉर्म्युला ही "पुढे खेळायला किती सोपं" ही बाजू गुणांत धरतो. गुलाम-दश्शीला ९ गुण मिळतात ते त्यामुळेच.

समोर किती जण? एक्क्यांचं उदाहरण

दोन एक्क्यांची जिंकायची टक्केवारी खेळाडू वाढले की अशी घसरते:

- समोर १ जण: ८५
- समोर २ जण: ७३
- समोर ३ जण: ६४
- समोर ५ जण: ४९
- समोर ९ जण: ३१

म्हणजे दहा जणांच्या टेबलावर सगळे शेवटपर्यंत थांबले, तर जगातला सर्वोत्तम हात दहापैकी सात वेळा हरतो. पण म्हणून तो वाईट झाला का? समजा प्रत्येकानं १०० चिंचोके लावले. दोघंच असतील तर २०० चिंचोक्यांचे ८५ टक्के, सरासरी १७० परत, फायदा ७०. दहा जण असतील तर १,००० चे ३१ टक्के, सरासरी ३१० परत, फायदा २१०. हरायचं जास्त वेळा, पण सरासरी फायदा तिप्पट. किती वेळा जिंकलो आणि किती मिळवलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे उलट्या बाजूनंही खरं आहे: दहापैकी सात डाव जिंकणारा माणूस उरलेल्या तीन डावांत सगळं घालवून घरी येऊ शकतो.

कुठे बसलात तेही महत्त्वाचं

बोली क्रमानं फिरते. पहिल्यांदा बोलणाऱ्याच्या मागे सगळे बाकी असतात, शेवटच्याला सगळ्यांचं वागणं दिसलेलं असतं. समजा हातात दोन दश्श्या आहेत. एका माणसाकडे याहून मोठी जोडी (गुलाम, राणी, राजा, एक्का) असण्याची शक्यता २४ भागिले १,२२५, म्हणजे दोन टक्क्यांच्या जरा आत. मागे दोघंच उरले असतील तर धोका चार टक्क्यांच्या आसपास. मागे नऊ जण असतील तर १६ टक्के, म्हणजे जवळपास सहा वेळांत एकदा. पानं तीच, पण जागेमुळे धोका चौपट.

म्हणून जाणकार पहिल्या जागेवरून फार थोडे हात खेळतात. समजा ठरवलं की अठ्ठीपासून वरच्या जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी एवढंच खेळायचं. मोजा: सात जोड्या गुणिले ६ म्हणजे ४२, अधिक १६ आणि १६. एकूण ७४ हात. १,३२६ पैकी ७४ म्हणजे ५.६ टक्के. म्हणजे अठरा वेळा पानं आली तर सरासरी एकदाच खेळायचं आणि सतरा वेळा टाकून द्यायचं. सुरुवातीचा हात मोजण्याचं कौशल्य म्हणतात ते मुख्यतः या सतरा वेळांचं आहे.

हातांची एकच रांग लावता येत नाही

इंजिनिअर मंडळींना हे आवडेल. वेगळ्या कलरचे एक्का-राजा समोरासमोर एकाच कलरच्या गुलाम-दश्शीला हरवतात. गुलाम-दश्शी दोन दुर्र्यांना थोड्या फरकानं हरवते. आणि दोन दुर्र्या एक्का-राजाला थोड्या फरकानं हरवतात! दगड-कागद-कात्रीसारखं चक्र. त्यामुळे "हा हात त्या हातापेक्षा भारी" हे वाक्य "कुणासमोर?" हे सांगितल्याशिवाय अर्धवटच राहतं. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटानं दोन खेळाडूंचा, ठरावीक बोलीचा होल्डेम कॉम्प्युटरनं व्यवहारात सोडवून टाकला (प्रोग्रामचं नाव सेफियस). अशा प्रोग्रामचं उत्तरही एका रांगेचं नसतं. एकच हात कधी खेळायचा, कधी सोडायचा, आणि ते किती प्रमाणात, असं ते सांगतात.

हा विषय कॉलेजातही शिकवलाय. अमेरिकेतल्या एमआयटीत (आमच्या लोणी काळभोरच्या एमआयटीत नव्हे!) २०१५ साली पोकरच्या सिद्धांतावर छोटा कोर्स झाला आणि त्याचं साहित्य त्यांनी मोफत खुलं केलंय.

भारी हात पुरेसा नाही: किंमत बघा

हात खेळायचा की नाही याचा शेवटचा निकष किंमत. मध्ये ३०० चिंचोके आहेत आणि थांबायला १०० द्यायचे आहेत. १०० देऊन एकूण ४०० साठी खेळायचं, म्हणजे २५ टक्क्यांपेक्षा जास्त शक्यता असेल तरच परवडतं. तीन पत्तीतही हेच आहे: ब्लाइंड खेळणारा पानं बघितलेल्याच्या निम्मी चाल देतो, म्हणजे त्याला तोच डाव अर्ध्या किमतीत मिळतो.

आता यात तिसरा माणूस आणा: टेबल चालवणारा. तो प्रत्येक डावातून आपला वाटा कापतो. समजा वाटा ५ टक्के आहे. दोघांनी १००-१०० लावले, जिंकणाऱ्याला २०० ऐवजी १९० मिळाले. नुसतं बरोबरीत राहायलाही आता १०० भागिले १९०, म्हणजे ५२.६ टक्के जिंकायला हवं. आपला राणी-सत्तीचा ५१.८ टक्क्यांचा हात क्षणात तोट्यात गेला. घरी चिंचोक्यांवर जो हात जिंकणारा आहे, तोच तिथे हरणारा आहे. सगळे खेळाडू सारख्याच हुशारीचे असतील तर लांब पल्ल्यात सगळेच हरतात, जिंकतो फक्त वाटा घेणारा.

आणि पत्ते खरंच पिसलेत का?

वरचे सगळे आकडे एकाच गृहीतावर उभे आहेत: पानं प्रामाणिकपणे पिसलीत. ५२ पानं लावायचे प्रकार ८ वर ६७ शून्यं एवढे आहेत. १९९९ साली अमेरिकेतल्या सुरक्षातज्ज्ञांनी प्लॅनेट पोकर या साइटवर वापरला जाणारा एएसएफ सॉफ्टवेअर कंपनीचा प्रोग्राम तपासला. त्याची सुरुवातीची संख्या ३२ बिटची होती, म्हणजे जास्तीत जास्त ४२९ कोटी गड्ड्या शक्य. त्यातही ती घड्याळावरून घेतलेली: मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद, म्हणजे फक्त ८ कोटी ६४ लाख शक्यता. सर्व्हरची वेळ जुळवून आणि उघडी पानं बघून त्यांना सगळ्यांचे हात ओळखता आले. समोरच्याला माझी पानं दिसत असतील तर माझ्या ८५ टक्क्यांना काय अर्थ? ॲपवर खेळणाऱ्याला पिसणारा कोड दिसत नाही. समोर माणूस आहे की बॉट, तेही दिसत नाही.

कायदा काय म्हणतो?

१९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं के. सत्यनारायण खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं, आणि तीन पानांचा फ्लश मात्र निव्वळ नशिबाचा असल्याचं म्हटलं. पोकरबद्दल एकमत नव्हतं. उदाहरणार्थ, २०१७ साली गुजरात उच्च न्यायालयानं तो जुगारात मोडतो असा निकाल दिला. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. गोव्यात मांडवीवरचे कॅसिनो तिथल्या वेगळ्या कायद्यानं परवाना घेऊन चालतात.

ऑनलाइनसाठी चित्र २०२५ मध्ये बदललं. ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा संसदेनं मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. त्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलंय. तरीही कुणी लिंक पाठवून "पैसे लावा, परदेशी ॲप आहे, चालतं" म्हणत असेल तर लांब राहा.

नेहमीचे प्रश्न

*बराच वेळ वाईट पानं आली, आता चांगली येतील ना?* नाही. गड्डीला स्मरणशक्ती नसते. दर वेळी दोन एक्क्यांची शक्यता २२१ मध्ये १ हीच.

*हातात एक्का आहे, म्हणजे खेळायचंच?* दुसरं पान बघा. जोडी नसलेल्या हातातलं कुठलंही पान फ्लॉपवर जुळण्याची शक्यता ३२ टक्के आहे. तीनपैकी दोन वेळा काहीच लागत नाही. आणि एक्का लागलाच, तर ज्याच्याकडे एक्क्यासोबत मोठं पान आहे तो पुढे.

*सगळ्यात वाईट हात कोणता?* एकासमोर तिर्री-दुर्री. भरल्या टेबलावर सत्ती-दुर्रीचं नाव घेतात, कारण ही दोन पानं मिळून एकाही सिक्वेन्समध्ये बसत नाहीत.

*हे पाठ केलं तर जिंकेन का?* कमी हराल. कधी उठायचं हे कळेल.

थोडक्यात

- १,३२६ हात, १६९ प्रकार. जोडी १७ मध्ये एकदा, दोन एक्के २२१ मध्ये एकदा.
- सर्वोत्तम हात ८५ टक्के, सगळ्यात वाईट ३२. हमखास असं काही नाही.
- हात मोजताना चार प्रश्न: पानं कोणती, समोर किती जण, मी कुठे बसलोय, किंमत किती.
- पटकन हिशोबासाठी चेन फॉर्म्युला, अचूक हिशोबासाठी मॉन्टे कार्लो.
- टेबलवाल्याचा वाटा ५१ टक्क्यांच्या हाताला तोट्यात नेतो. गणित तपासायला चिंचोके पुरतात, आणि ते दुसऱ्या दिवशी परतही करता येतात.